खुब्याचा सांधा बदलल्यावर चालण्याची घाई : कौतुक करावे की आवरावे?

शाहूपुरीकर (धागा सुरू करणारे)

खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या माणसाने किती लवकर काय करून दाखवले, याच्या कहाण्या आपल्या साताऱ्यात फार कौतुकाने सांगितल्या जातात. कोणी दुसऱ्याच महिन्यात काठी टाकून अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढला, कोणी सज्जनगडाच्या पायऱ्या चढून आला, आणि ऐकणारे ‘काका, मानलं तुम्हाला’ म्हणून मोकळे होतात. माझे मत असे की पहिल्या तीन महिन्यांत हे कौतुक रुग्णाच्या हिताचे नाही आणि घरच्यांनी आवर घालण्याचा वाईटपणा पत्करावा.

झिजलेली हाडाची टोके काढून टाकल्यामुळे वर्षानुवर्षांचे जुने दुखणे शस्त्रक्रियेनंतर लगेचच नाहीसे होते, टाक्यांची ठणक काही आठवड्यांत ओसरते, वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर उरलेसुरले दुखणेही झाकले जाते, आणि मग साहजिकच आपण पूर्ण बरे झालो असे माणसाला वाटू लागते. प्रत्यक्षात सांध्याभोवतीचे आवरण आणि कापून शिवलेले स्नायू भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात धातूच्या खरबरीत पृष्ठभागाला हाड धरू लागण्यासही साधारण तेवढाच काळ जातो.

माझे दाजी एसटीतून निवृत्त झालेले, बसून राहण्याचा स्वभावच नाही. शस्त्रक्रियेला दीडेक महिना झाला असेल, तेव्हा ते कोणालाही न सांगता यवतेश्वरच्या घाटात बऱ्यापैकी वरपर्यंत जाऊन आले. चालताना काहीच दुखले नाही, हे ते दिवसभर सांगत होते. संध्याकाळी मोजा उतरवला तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल खाच उमटलेली होती, रात्री त्या कुशीवर वळता येईना, आणि सकाळी उठले ते लंगडतच. एक्स-रेमध्ये सांधा जागेवर दिसला, म्हणून डॉक्टरांनी कानउघाडणी करून सोडले. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू असे दुखावले होते की काठी सुटायला कितीतरी अधिक काळ लागला आणि मध्यंतरी जडलेली लंगडण्याची सवय त्याहूनही चिवट निघाली.

वाईकरीण

शाहूपुरीकर, आपल्या दाजींविषयी सहानुभूती बाळगूनही आपले मत मला मुळातच पटत नाही. अतिउत्साही काका रस्त्यावर दिसतात, म्हणून ते पुष्कळ असावेत असे वाटते. खाटेवर पडून राहिलेल्या आजी घराबाहेरच येत नाहीत, मग त्या कोणाच्या मोजणीत येणार?

माझ्या सासूबाईंच्या वेळी भेटायला येणारी प्रत्येक बाई ‘पाय खाली टेकवू नका हो’ असे बजावून जात असे. पाण्याचा तांब्याही त्यांच्या हातात नेऊन दिला जाई. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीसमोर त्या वॉकर घेऊन माजघरातून ओसरीपर्यंत जात आणि तिची पाठ वळली की पुन्हा आडव्या होत. काही आठवड्यांत धडधाकट पायाची मांडीसुद्धा उतरली, आणि पुढे सांधा उत्तम असूनही त्यांना मोरीपर्यंत जाण्याचे भय वाटू लागले. पडून राहण्याचे धोके तर सर्वज्ञात आहेत: पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात.

सर जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आजच्या पद्धतीचा सांधा बसवण्यास सुरुवात केली. त्या काळी रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवीत. आज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. हा बदल कोणाच्या हौसेखातर झालेला नाही. आपला हा धागा उद्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाईल आणि त्याच्या आधारे कोणाच्या तरी सासूबाईंचे चालणे बंद केले जाईल, याची मला खरी धास्ती वाटते.

फिजिओ_कराड

मी या कामात आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. वाईकरीण ताईंची धास्ती खरी आहे, पण त्यांनी दिलेले उदाहरण शाहूपुरीकरांच्या मुद्द्याला छेद देत नाही. दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालणे आणि एकाच दमात घाट चढणे यांचा पायावर होणारा परिणाम सर्वस्वी वेगळा असतो. ज्याला घरातल्या घरात पाच-सहा फेऱ्या सहज जमतात, त्याने सातवी वाढवावी. मैलभर जाऊन पाहू नये, कारण परतीचे अंतर कोणालाच टाळता येत नाही.

चालत असताना दुखले नाही, ही खूण फसवी आहे. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय सांगतो ते पाहावे. संध्याकाळी थोडी सूज येणे आणि पाय उंच ठेवल्यावर ती रात्रीतून उतरणे हे बहुधा काळजीचे नसते. सकाळीही सूज तशीच असेल, दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढले असेल किंवा चाल बिघडली असेल, तर आदल्या दिवशीचे काम जास्त झाले असे धरून ते कमी करावे. मात्र पोटरी ताठ होऊन दुखू लागली, पाय लाल आणि गरम झाला किंवा धाप लागली, तर गुठळीची शंका घेऊन त्याच क्षणी डॉक्टर गाठावेत. तिथे विश्रांतीचा प्रयोग करत बसू नये.

काठीबद्दलही सांगून टाकतो, कारण दहांतले निम्मे तरी चुकीच्या हातात धरतात. ती शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, आणि लंगडणे थांबेपर्यंत हवी. जिना चढताना धड पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा.

आणखी असे की आपल्या घरांत अतिरेक केवळ चालण्याने होत नाही. देवघरासमोर मांडी घालून बसणे, पंगतीत पाटावर बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, खाली पडलेली किल्ली कमरेत वाकून उचलणे, या हालचालींना कोणी श्रम म्हणत नाही. परंतु मागच्या बाजूने छेद घेऊन शस्त्रक्रिया झाली असेल तर खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवून पाय आत वळवल्याने सांधा निखळू शकतो. समोरून छेद असेल तर पथ्ये वेगळी आणि बहुधा कमी असतात. त्यामुळे शेजाऱ्याची पथ्ये उसनी घेऊ नयेत, आपल्या शल्यविशारदाला विचारावे.

घाटधाव

मला या संपूर्ण चर्चेतला सूरच वृद्धांसाठीचा वाटतो. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होते, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात, त्या विकारामुळे माझा सांधा चाळिशीच्या आत बदलावा लागला. स्टेरॉइडची औषधे, दारू अशा कारणांनी हा विकार होतो आणि त्याचे बरेच रुग्ण तरुण असतात. आम्हाला नोकरी आहे, लहान मुले आहेत; ‘जपून हो, जपून’ ऐकत आम्ही किती वर्षे काढायची? टेनिसपटू अँडी मरे यांच्या खुब्यावर जानेवारी २०१९ मध्ये धातूचा सांधा बसवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. यवतेश्वरच्या घाटात दर वर्षी अर्धमॅरेथॉन होते, तीत पुन्हा उतरण्याची इच्छा धरली तर तो गुन्हा ठरू नये.

शाहूपुरीकर

इच्छेला माझा विरोध नाही, पण दाखला तपासून घ्यावा. मरे यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया रिसरफेसिंगची होती. तीत मांडीच्या हाडाचा गोळा कापून न काढता त्यावर धातूची टोपी बसवतात. शिवाय दिमतीला पूर्णवेळ तज्ज्ञ असलेला तो खेळाडूही पहिला सामना खेळला तो जूनमध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी, आणि तोही दुहेरीचा. एकेरीत तो ऑगस्टमध्ये उतरला. माझ्या मते हे उदाहरण धीर धरण्याचेच आहे.

दुसरे असे की २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीच्या माणसाला हा आकडा पुरेसा आहे. आपल्याला, चाळिशीच्या आतल्या माणसाला, तो पुरेलच असे नाही. आपण धावण्याचा निर्णय आपल्या शल्यविशारदाबरोबर बसून घ्यावा, अजिंक्यताऱ्यावर भेटणाऱ्या मंडळींच्या टाळ्यांवर घेऊ नये.

घाटधाव

शस्त्रक्रियेतला फरक मान्य आहे. टाळ्यांसाठी मात्र कोणी धावत नाही.

पाटाचे_पाणी

आपण सर्वजण हौशीने अतिरेक करणाऱ्यांविषयी बोलत आहात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. वडिलांचा खुबा अक्षय तृतीयेच्या सुमारास बदलला, त्याला आता सव्वा महिना होत आला. शेतात ऊस उभा आहे, मोटारीला वीज पाळीपाळीने येते, आणि या आठवड्यात पाळी रात्रीची आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात. दारे धरायला गडी मिळाला नाही, तेव्हा वडील वॉकर बांधावर ठेवून, खोऱ्याचा आधार घेत सरीत उतरले. त्यांना कोणाचे कौतुक नको होते. पाणी वाया जाऊ द्यायचे नव्हते, एवढेच. अशा माणसाला ‘मोजून चाला’ हे सांगायचे कसे?

त्यातच त्यांना वारी चुकवायची नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते तेव्हा ते लोणंदपासून फलटणपर्यंत दर वर्षी चालतात.

फिजिओ_कराड

वारीपेक्षा मला सरीची चिंता अधिक वाटते. सांध्यातच मोजयंत्र बसवून जर्मनीत झालेल्या मोजणीत असे दिसले की सपाटीवर चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, पण ठेच लागून तोल सावरताना तो आठ पटींच्याही वर जाऊ शकतो. अंधार, चिखल आणि हातात खोरे, हे तिन्ही एकत्र आले म्हणजे ठेच लागणारच. सव्वा महिन्याच्या सांध्याने असा झटका सोसला, तर स्टेमभोवतीचे, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेल्या सांध्याच्या दांड्याभोवतीचे, हाड मोडण्यापर्यंत वेळ येऊ शकते, आणि ती दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. त्यांना बांधावर खुर्ची टाकून देखरेख करू द्या. खुर्ची मात्र उंच आणि हातांची असावी. पाणी दुसऱ्याने द्यावे, मग त्यासाठी पैसे मोजावे लागले तरी चालेल.

वाईकरीण

इथे मीही सरीत उतरण्याच्या विरोधात आहे. वारीचे मात्र सरसकट ‘नाही’ म्हणू नका. ज्यांनी आयुष्यभर हे अंतर कापले, त्यांना घरात बसवून टीव्हीवर रिंगण दाखवले तर ते मनाने खचतील, आणि खचलेला माणूस व्यायामही सोडतो, हे मी घरात पाहिले आहे. लोणंदच्या मुक्कामी गाडीने नेऊन दर्शन घडवावे, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दिंडीबरोबर चार पावले टाकू द्यावीत.

शाहूपुरीकर

ताई, त्या गर्दीत ‘चार पावले’ कोण मोजणार? मागून रेटा आला की काठीचा काही उपयोग नाही. दर्शन दुपारच्या निवांत वेळी घ्यावे आणि दिंडी रस्त्याच्या कडेने गाडीतून पाहावी, याहून पुढे जायला माझी संमती नाही.

पाटाचे_पाणी

पाण्याचे जमवले आहे. चुलतभाऊ रात्रीची पाळी धरेल, त्याच्या बदल्यात सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे जाईन. वॉकर आईने माडीवर नेऊन ठेवला होता, तो खाली आणला. वारीबाबत वडील ऐकत नाहीत. तपासणीच्या वेळी ‘लोणंद ते तरडगाव हा टप्पा तर लहान आहे’ हे ते स्वतःच डॉक्टरांना सांगणार आहेत. मी सोबत असेन, आणि छेद मागून होता की समोरून, हे आधी विचारून घेईन.