पीओई स्विच लावल्यापासून थंब मशीन, प्रिंटर आणि राउटर, तिघांचेही लॅन पोर्ट गेले, कारण काय?

राजारामपुरी_अभ्यासिका
राजारामपुरीत माझी छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात म्हणून गेल्या आठवड्यात चार कॅमेरे बसवून घेतले. बसवणाऱ्यानं ८ पोर्टचा पीओई स्विच आणला (म्हणजे नेटच्या केबलमधनंच कॅमेऱ्याला वीज देणारा), शिवाय वीज न देणारे दोन अपलिंक पोर्ट. एनव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि राउटर अपलिंकला, कॅमेरे १ ते ४ ला, सगळं व्यवस्थित चालू झालं. मग मी म्हटलं पोर्ट रिकामेच पडलेत तर हजेरीचं थंब मशीन ५ ला आणि प्रिंटर ६ ला लावूया. दोन्ही नेटवर्कवर दिसेनात. मशीन चालू होतंय, अंगठा घेतंय, प्रिंटर यूएसबीवर प्रिंट देतोय, फक्त लॅन मेलंय. मला वाटलं स्विचचे ते पोर्टच खराब असतील, म्हणून राउटरची केबल अपलिंकमधनं काढून ७ ला लावून बघितली तर राउटरचा पण तो पोर्ट गेला आणि जळका वास आला. बसवणारा म्हणतो स्विचचा काय संबंध नाही, तुमचीच मशीनं जुनी झालीत. पोरांच्या फीवर हे सगळं चालतं हो, तीन वस्तू परत घेणं मला झेपणार नाही. पीओईनं साधं मशीन जळू शकतं का?

रंकाळा_वारा
परवा वळीव झाला तेव्हा विजा लई कडाडत होत्या, कॅमेऱ्याची केबल गच्चीवरनं आली असेल तर त्यातनं सर्ज येऊ शकतो. अर्थिंग एकदा बघून घ्या.

शिरोली_मेंटेनन्स
वीज असती तर कॅमेरे आधी गेले असते भावा, ते तर चालू आहेत. आणि ज्या पोर्टला जे लावलं तेच गेलं, हे फार महत्त्वाचं आहे.

खरा पीओई म्हणजे ८०२.३एएफ (२००३ चा) किंवा एटी (२००९ चा) ह्या ठरलेल्या मानकाचा असेल तर तो अशी वस्तू जाळत नाही. तो आधी कडी वाजवतो, म्हणजे २.८ ते १० व्होल्ट एवढंच सोडून पलीकडं २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का बघतो. कॅमेऱ्यात तो असतो, प्रिंटरमध्ये नसतो. सापडला तरच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो, नाहीतर गप्प बसतो. पण बाजारात स्वस्तातले पॅसिव्ह स्विच मिळतात, त्यांच्यावर पण पीओईच लिहिलेलं असतं, आणि ते काही न विचारता चोवीस तास ४८-५२ व्होल्ट पोर्टवर ठेवतात. कॅमेऱ्याला ते चालतं. ज्याला पॉवर नकोच आहे त्याच्या आत ते शिरतं आणि जाळतं.

एक काम करा, जुनी पॅच कॉर्ड कापा, निळी जोडी आणि तपकिरी जोडी सोला, दुसरं टोक स्विचच्या रिकाम्या पोर्टला लावा आणि मीटर डीसीवर ठेवून मोजा. नारंगी आणि हिरव्या जोडीमध्ये पण मोजा, काही स्विच तिकडनं देतात. सोललेल्या तारा एकमेकींना टेकू देऊ नका. काहीच लावलेलं नसताना ५० च्या आसपास कायम दिसलं तर विषय संपला.

कागल_वायरमन
ह्याच्या उलटं पण होतं. आमच्याकडं पाण्याच्या टाकीवर वायफायचा रेडिओ होता, २४ व्होल्ट पॅसिव्हवाला. अडॅप्टर गेला म्हणून एका पोरानं ४८ चा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) लावला, पिन तीच, डबी तशीच दिसते, त्याला काय कळणार. रेडिओ जागेवर गेला आणि दोन दिवस गावात नेट नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक अडॅप्टरवर मार्करनं व्होल्टेज लिहूनच ठेवतो.

राजारामपुरी_अभ्यासिका
मोजलं. निळी-तपकिरीवर ५१.६ व्होल्ट, रिकाम्या पोर्टला, आणि कायम. खोक्यावर फक्त ‘४८ व्ही पीओई’ आहे, ८०२.३ कुठंच नाही. राउटर उघडला तर त्या पोर्टच्या मागं ७५० लिहिलेले बारीक रेझिस्टर आहेत, त्यातले दोन तपकिरी पडलेत, खालची पाटी पण काळी झालीय. संध्याकाळी बसवणाऱ्याला बोलावून त्याच्यासमोर मीटर लावला. आधी वाद घालत होता, आकडा बघितल्यावर स्विच बदलून देतो म्हणाला.

शिरोली_मेंटेनन्स
७५० म्हणजे ७५ ओहम. ते प्रत्येक जोडीला एक असतात आणि आतून एकत्र जोडलेले असतात, म्हणजे निळी ते तपकिरी १५० ओहम. ५१.६ ला १५० नं भागा, पाव अँपिअरच्या वर जातंय, मिळून १७-१८ वॅट उष्णता, आणि त्या रेझिस्टरची ताकद एक वॅटसुद्धा नाही. मशीन जुनी असायचा काही संबंध नाही, नवीन प्रिंटर लावला असता तरी असंच झालं असतं. हे त्याला सांगा आणि तिन्हीच्या दुरुस्तीचं पण बोला, नुसता स्विच बदलून भागत नाही. रेझिस्टर बदलून पोर्ट कधीकधी परत येतो, शेजारचा ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर, उद्यमनगरात एसएमडीचं (बोर्डवरच्या असल्या बारीक पार्टचं) काम करणाऱ्याला दाखवा.

नवीन स्विचवर ८०२.३एएफ/एटी लिहिलंय का बघा आणि लावायच्या आधी ह्याच कॉर्डनं परत मोजा. तोवर अपलिंकला साधा ५ पोर्टचा स्विच जोडून बिगर-पीओई वस्तू त्याच्यावर घ्या, राउटरचे बाकीचे पोर्ट चालू असतील तर तेही चालतील.

आणि थंब मशीनला बहुतेक यूएसबीची खाच असते, महिन्याची हजेरी आज रात्रीच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, दुरुस्तीला दिल्यावर मेमरी राहील याची खात्री नाही.