मदत हवी आहे: तळमजल्याच्या फ्लॅटला मागच्या बागेत खोली जोडायची आहे

घरघर: टू बीएचके, मागे बाग. हॉलची खिडकी काढून दार आणि बाहेर 10 बाय 14 ची स्टुडिओ खोली. ठेकेदार म्हणतो, आहे त्या फरशीवरच विटा चढवू. नवी भिंत इमारतीला चिकटवली तर चालते का? पावसाच्या आत संपवायचंय, लवकर सांगा.

मुरूम: गाव? माती? आरसीसी फ्रेम (पिलर-बीमची) की लोडबेअरिंग (भिंतींवर उभी)? खिडकी किती रुंद? काहीच सांगायचं नाही, वर "लवकर".

घरघर: सांगली, विश्रामबाग. माती काळी, दुसरी कुठली असणार. पिलर आहेत. खिडकी 5 फुटी, दारही तेवढंच.

मुरूम: मग दार सोपं. लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या बीमला, हात लावू नका, खिडकीखालची भिंत तेवढी कटरने कापा. घण घातलात तर बाजूचं प्लास्टर सुटेल. दार 6 फुटी हवं असेल तर टेकू लावून नवा लिंटेल, दोन्हीकडे भिंतीवर किमान 6 इंच टेकलेला.

खोलीचं मात्र अवघड आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी इमारत बसलेली, नवी खोली हलणार. भिंती चिकटवल्या की जोडावर उभी भेग जाते आणि तिथूनच गळतं. काळ्या मातीखालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा, फुटिंग (पायाचा तळ) तिथे, वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा आडवा बीम). जोत्यात मुरमाचा भराव 6-6 इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून. दोन भिंतींत 1 इंच सांधा सोडा, बाहेरून सीलंट, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पट्टीचे स्क्रू एकाच भिंतीत, नाहीतर ती उपटून येते.

पत्रापुराण: एवढं खणायचं कशाला? लोखंडी फ्रेम आणि 50 एमएमचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम). विषय संपला.

मुरूम: हलकं बांधकाम काळ्या मातीत उलट जास्त उचललं जातं. फुगणाऱ्या मातीला दाबायला वजन लागतं.

कृष्णाकाठ: बाग वापरायला मिळाली म्हणजे बांधायचा हक्क मिळाला असं नाही. बहुतेक वेळा ती मार्जिनची, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची, जागा असते. करारनामा आणि मंजूर नकाशा काढून बघा.

घरघर: परवानगीचं विचारलंच नव्हतं. चेअरमन हो म्हणालेत.

कृष्णाकाठ: तोंडी ना? सभेचा लेखी ठराव घ्या, महापालिकेकडून नकाशा मंजूर करा. मार्जिनमधलं बांधकाम नुसत्या ठरावाने नियमित होत नाही. आणि 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोका पातळी 45. तुमच्या गल्लीत तेव्हा कुठवर आलं होतं ते विचारा, प्लग पॉइंट त्याच्या वर घ्या. खोलीला 30 मिलिअँपिअरची वेगळी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

तुळशीवृंदावन: खोली ईशान्येला येत नाही ना? शेवग्याचं झाड असेल तर तोडू नका.

मुरूम: ड्रेनेजचा चेंबर कुठे आहे?

घरघर: बागेच्या मधोमध. त्यावर फरशी घालणार.

मुरूम: अजिबात नको, तुंबला की खोलीच फोडावी लागेल. चेंबर बाहेर सरकवा. 110 एमएम पाइप, 14 फुटांत साधारण 3 इंच उतार, वळणाला एका काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन.

घरघर: बरं. स्टुडिओ तबल्याच्या रियाजासाठी आणि रेकॉर्डिंगसाठी आहे, त्याने काही फरक पडतो का?

मुरूम: हे आत्ता सांगताय! पफ उष्णता अडवतं, आवाज नाही. 9 इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर, वर स्लॅब. दोन भिंतींमधल्या सांध्यात सिमेंटचा मसाला पडू देऊ नका, नाहीतर ठोका थेट वरच्या मजल्यावर जाईल. दार भरीव, चारी बाजूंनी रबर.

पत्रापुराण: अंड्याचे ट्रे लावा, स्वस्त पडतात.

मुरूम: त्याने आतला घुमारा जरासा कमी होतो. शेजाऱ्याला तबला तितकाच ऐकू येतो.

तुळशीवृंदावन: तंबोरा हवा असेल तर मिरजेचाच घ्या.

घरघर: तंबोरा नकोय. पावसाच्या आत होईल की नाही?

कृष्णाकाठ: नकाशात ती जागा कुणाची दाखवलीय ते अजून सांगितलं नाहीत.