क्वेसारच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा ओळखायच्या कशा?

प्रश्न
३सी २७३ या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) वर्णपटात ५६३ नॅनोमीटरच्या जवळ एक रुंद उंचवटा दिसतो आणि तो हायड्रोजनची एच-बीटा रेषा असल्याचे वाचले. प्रयोगशाळेत ही रेषा ४८६.१ नॅनोमीटरला मिळते. इतकी सरकलेली रेषा हायड्रोजनचीच, हे खात्रीने कसे सांगतात? आणि ती एवढी पसरट का असते?

उत्तर
आपली शंका रास्त आहे. एकट्या रेषेवरून ते सांगता येत नाही. याच वर्णपटात ५०३ आणि ४७५ नॅनोमीटरच्या आसपासही उंचवटे आहेत. या तिन्ही आकड्यांना अनुक्रमे ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ ने, म्हणजे एच-बीटा, एच-गॅमा आणि एच-डेल्टा यांच्या मूळ तरंगलांबींनी भागून पाहा. प्रत्येक वेळी उत्तर १.१६ च्या जवळ येते. ताम्रसृतीत, म्हणजे प्रकाश लाल बाजूला सरकतो तेव्हा, सर्व तरंगलांबी एकाच पटीने वाढत असल्याने त्यांची गुणोत्तरे अबाधित राहतात. १९६३ साली मार्टेन श्मिट यांना ही संगती लागली आणि ताम्रसृती, म्हणजे मूळ तरंगलांबीच्या तुलनेत झालेली वाढ, ०.१५८ निघाली. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूची ताम्रसृती एवढी असेल अशी अपेक्षाच नसल्यामुळे तोवर ओळखीच्या रेषाही अनोळखी वाटत होत्या.

आणखी एक उत्तर
रुंदीविषयी : केंद्रातील कृष्णविवराभोवतीच्या तप्त चकतीचे अतिनील किरण जवळच्या वायूतील हायड्रोजनचे आयनीभवन करतात, आणि इलेक्ट्रॉन पुन्हा पकडला जाऊन खालच्या पातळ्यांवर उतरताना या रेषा उमटतात. हा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो. त्यातला काही आपल्याकडे येत असतो, काही दूर जात असतो. वेगांत ३००० किलोमीटरचा, म्हणजे प्रकाशवेगाच्या एक टक्क्याचा फरक असला, तरी एच-बीटा सुमारे ५ नॅनोमीटर पसरते. ऑक्सिजनच्या निषिद्ध रेषा (फक्त अतिविरळ वायूतच ठळक उमटणाऱ्या) मात्र दूरच्या, विरळ आणि संथ वायूतून येत असल्याने अरुंद असतात.

प्रश्नकर्ता
भागाकार करून पाहिला, जुळला. मग ४८६ नॅनोमीटरलाच रुंद रेषा दिसली, तर ताम्रसृती शून्य समजावी का?

उत्तर
नाही, कारण लायमन-अल्फा या हायड्रोजनच्याच अतिनील रेषेची तरंगलांबी (१२१.६ नॅनोमीटर) एच-बीटाच्या बरोबर एक चतुर्थांश आहे, आणि ताम्रसृती ३ असलेल्या, म्हणजे तरंगलांबी चौपट झालेल्या क्वेसारची लायमन-अल्फा नेमकी तिथेच येऊन बसते. हायड्रोजनच्या पातळ्यांचे गणितच तसे आहे, आणि मला ते फार सुंदर वाटते. अशा वेळी रेषेच्या निळ्या बाजूला पाहावे : वाटेतल्या हायड्रोजनने शोषून घेतल्यामुळे तिथे बारीक खाचांची दाटी दिसते. शिवाय कार्बनची १५४.९ नॅनोमीटरची रेषा ६२० नॅनोमीटरजवळ सापडली, की शंका उरत नाही.