मदत हवी आहे: मिरजेत बाहेरगावच्या रुग्णांमुळे येणारा पैसा कसा मोजायचा?

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मिरज घेतलंय. 1894 मध्ये डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून इथे लांबून पेशंट येतात. रेल्वे जंक्शन असल्यामुळे बेळगाव, विजापूरकडचेही असतात. मला दवाखान्यांची कमाई मोजायची नाहीये. पेशंटसोबत आलेली माणसं लॉज, खानावळ, रिक्षा यांवर जो खर्च करतात तो हवाय. औषधं आणि उपकरणांचा बराचसा पैसा कंपन्यांकडे, म्हणजे गावाबाहेर जातो; गावात मुरतो तो हा.

मेडिकल व्हिसाची आकडेवारी पाहिली, पण तीत फक्त परदेशी रुग्ण. राष्ट्रीय नमुना पाहणीची 72वी फेरी (2014-15) देशांतर्गत पर्यटनाची होती आणि तिच्यात उपचारासाठीचा प्रवासही आहे, पण तिच्यावरून एका शहराचा अंदाज काढणं धाडसाचंच. खासगी दवाखाने पेशंटचे पत्ते देत नाहीत (बरोबरच आहे), लॉजवाले रजिस्टर दाखवत नाहीत.

आता नातेवाइकांनाच प्रश्नावली द्यायची ठरवलंय, मराठी आणि कन्नड दोन्हींत. नाव, आजार विचारणार नाही. हाताशी दोन महिने आहेत, निधी शून्य.

अडचण अशी की लॉजवर विचारलं तर मुक्कामी लोकच सापडतील, ओपीडी दाखवून संध्याकाळच्या गाडीने परतणारे सुटतील. स्टेशनवर विचारलं तर स्वतःच्या गाडीने येणारे सुटतील. असं सर्वेक्षण कुणी केलं असेल तर सांगा: नमुना नेमका कुठे उभं राहून घ्यावा, आणि एकूण बाहेरच्या पेशंटांचा आकडा पत्ते न मागता कशावरून काढता येईल?