मण्यार की कवड्या?
कुणीतरी विचारलंय की आयडेंटिफिकेशन म्हणजे फोटो बघून सापाचं नाव सांगणं, एवढंच ना? माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी लक्षणं एकेक करून जुळवावी लागतात, आणि एकाच लक्षणावर विसंबलं की घात होतो.

मण्यार आणि कवड्या हे दोन साप घ्या. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे, घरात शिरणारे. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. मण्यार काळीभोर, चकचकीत. तिचे बारीक पट्टे बहुतेक वेळा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन मागे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, ही सगळ्यात भरवशाची खूण. पण ती बघायला जिवंत सापाजवळ जायचं नाही, झूम केलेल्या फोटोत दिसली तर ठीक. पिल्लांचे पट्टे वेगळे असू शकतात, म्हणून नुसत्या पट्ट्यांवर निकाल देऊ नका.

आणि चावा झाला असेल तर ओळख पटवत बसूच नका. आपल्याकडचं प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालतं, डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. मण्यारीच्या चाव्याला बऱ्याचदा सूजही नसते, दुखतही नाही. झोपेतून उठल्यावर पोटात दुखतंय, पापण्या जड होतायत असं कुणी म्हणालं तर थेट सरकारी रुग्णालय गाठा.