एएनएम की जीएनएम? वय ३१, बारावी आर्ट्स. सल्ला हवा आहे

रानजाई:

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचते, लिहायची पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

मी अकोले तालुक्यातली. चार वर्षांपासून एका खासगी दवाखान्यात काम करते. पेशंट मला सिस्टर म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, पण मी सिस्टर नाही. बीपी घेते, सलाइन लावते, सांगितलं तर इंजेक्शनही देते. सगळं बघून बघून शिकलेलं. मागच्या पावसाळ्यात एका आजोबांना इंजेक्शन दिलं आणि ते एकदम घामाघूम झाले, नाडी हाताला लागेना. डॉक्टर आतच होते म्हणून निभावलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण काय दिलं, कशासाठी दिलं, त्यानं काय होऊ शकतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कुपीवरचं नाव तेवढं वाचलेलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय, शिकायचं तर रीतसर.

बारावी २०१२ ची, आर्ट्स, ५४ टक्के. सायन्स नसल्यानं बी.एस्सी. नर्सिंगचा प्रश्नच नाही. मुलगी सात वर्षांची आहे. मिस्टरांची शेती, यंदा टोमॅटोनं हात दिला तर फी, नाहीतर सोनं गहाण.

समोर तीन वाटा आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), दोन वर्षं, कॉलेज एसटीनं जाऊन-येऊन करता येईल असं. जीएनएम (सामान्य परिचारिका-प्रसाविका), तीन वर्षं, नगर किंवा नाशिकला होस्टेलवर राहून. आणि जाऊबाईंच्या ओळखीच्या एका संस्थेत 'एक वर्षात नर्स', नोकरीची हमी देतात म्हणे.

घरचे म्हणतात, आधी एएनएम कर, पुढं वाटलं तर जीएनएम करता येईल. हे बरोबर आहे का? आणि आर्ट्सवाल्या बाईला जीएनएम झेपतं का? खरं खरं सांगा.

चिंचेचं_झाड:

ताई, तिसरी वाट आत्ताच्या आत्ता खोडून टाका. माझ्या चुलत बहिणीनं असाच कोर्स केला होता. सर्टिफिकेट इतकं चकचकीत की काकांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं. नोंदणीला गेली तेव्हा कळलं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नाही. पैसे गेले ते गेले, वर्ष गेलं. आज ती तुम्ही करता तेच काम करते, तेवढ्याच पगारात.

संस्थेत गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा: शेवटची परीक्षा कोण घेतं? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. 'आमची आम्हीच घेतो' असं उत्तर आलं की चहा न पिता उठायचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर राज्यवार संस्थांची यादी असते, तीही बघा. आणि हे एएनएमच्या कॉलेजलाही लागू आहे बरं का, जवळ आहे म्हणून खरं आहे असं नाही.

निवृत्त_सिस्टर:

अगं रानजाई, तुझं ते आजोबांचं वाचलं. जेवण गेलं नाही हे चांगलं लक्षण आहे. ज्यांना जेवण जातं त्यांची मला भीती वाटते.

मी एएनएम. पेठ तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून आयुष्य काढलं. लोक एएनएमला 'छोटी नर्स' आणि जीएनएमला 'मोठी नर्स' समजतात ना, तिथंच घोळ होतो. ही दोन वेगळी कामं आहेत. जीएनएम म्हणजे रुग्णालय, एएनएम म्हणजे गाव. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आणि त्या तीन हजारांतली कुठली बाई किती महिन्यांची आहे, कुणाचं बाळ गोवराच्या लशीला राहिलंय, हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लशी थंड ठेवायचा डबा, आत चार आइसपॅक. लस जशी तापून वाया जाते तशी गोठूनही वाया जाते, म्हणून पॅक फ्रीजरमधून काढून लगेच भरायचे नाहीत, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग भरायचे. नव्या मुली घाईत हे विसरतात. आशाताई सोबत असली तर निम्मं काम सोपं. राहिलेलं निम्मं म्हणजे रजिस्टरं, आणि आता त्यावर पोर्टल. खोटं कशाला सांगू, मी बाळांपेक्षा रकानेच जास्त सांभाळले असं कधी कधी वाटतं.

पण तिथं तू एकटी असतेस. डॉक्टर आत बसलेला नसतो. तुला ते आवडेल का, हे आधी बघ.

नोकरीचं म्हणशील तर जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत 'आरोग्य सेवक (महिला)' असं नाव असतं, ते बघून 'हे पुरुषांचं असेल' म्हणून सोडू नकोस. कायम जागा रोज निघत नाहीत. मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी काम मिळतं. कंत्राटी म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

रात्रपाळी_ब्रदर:

मी जीएनएम, मुंबईत सरकारी रुग्णालयात आहे. (एएनएमला मुलांना प्रवेश नसतो, त्यामुळे माझ्यापुढं हा पेच नव्हताच.)

ताई, घरचे म्हणतात त्यात एक मोठी मेख आहे. एएनएम झाल्यावर जीएनएमला प्रवेश मिळतो, खरं आहे. पण तो थेट दुसऱ्या वर्षाला नाही, पहिल्यापासून पुन्हा तीन वर्षं. म्हणजे दोन अधिक तीन, पाच. ही शिडी नाही, दोन वेगळे जिने आहेत. त्यामुळे 'आधी हे, मग ते' असं डोक्यात असेल तर तो निर्णय आजच घ्या.

वयाचंही सांगतो. जीएनएमला प्रवेशाची कमाल मर्यादा ३५ वर्षं. एएनएम झालेल्यांना ही मर्यादा नाही, तेवढा एक दिलासा. सरकारी भरतीत राज्यात खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. यंदा जीएनएमला बसलात तर ३४-३५ ला बाहेर पडाल. वेळ आहे, पण एखादं वर्ष 'बघू' म्हणत घालवण्याइतका नाही.

आर्ट्सचं विचारलंत. सायन्सला प्राधान्य असतं, सक्ती नाही. बारावीला इंग्रजी विषय आणि एकूण किमान ४० टक्के हवेत, तुमचे आहेत. आमच्या वर्गात आर्ट्सचे बरेच जण होते. पहिलं वर्ष जड जातं, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी सगळं एकदम अंगावर येतं. मी हाडांची नावं देवनागरीत लिहून भिंतीला चिकटवली होती. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल सुरू झालं की वॉर्डात पाहिलेलं पुस्तकात सापडायला लागतं. तिथं तुमची चार वर्षं कामी येतील. मात्र चुकीच्या सवयी मोडताना त्रासही तुम्हालाच जास्त होईल, हे लक्षात ठेवा.

पास झालात की कौन्सिलकडे आरएन-आरएम अशी नोंदणी होते, म्हणजे परिचारिका आणि सूईण दोन्ही. पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे सायन्स नसूनही पदवीची वाट आहे. मी तेच केलं. एम्सच्या नॉरसेट, म्हणजे नर्सिंग अधिकारी भरतीच्या परीक्षेलाही जीएनएमवाले बसू शकतात, फक्त किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. बाहेरदेशी जायचं असेल तर एएनएमवर दार उघडत नाही, पण तुमच्या बोलण्यात तसं काही दिसलं नाही.

आणि रात्रपाळी. ती तीस वर्षं असते. घरी बोलून घ्या.

रानजाई:

सगळ्यांचे आभार. ब्रदर, पाच वर्षांचं मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही सगळे 'एक वर्ष जादा' असंच धरून चाललो होतो. काल रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पोरीला होस्टेलवर नेता येतं का विचार.

सिस्टर, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. उपकेंद्रावर एकटी? मला नाही जमायचं असं वाटतं. त्या दिवशी डॉक्टर आत नसते तर... मला कुणाच्या तरी हाताखाली शिकायचंय. पण मुलीला तीन वर्षं सोडून राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

निवृत्त_सिस्टर:

मुलं होस्टेलवर नेता येत नाहीत गं. पण एएनएमलाही प्रॅक्टिकल असतं, बाळंतपणाची ड्युटी असते, ती काही शेवटची एसटी बघून येत नाही. जाऊन-येऊन म्हणतेस ते कॉलेजला नीट विचार. होस्टेल दोन्हीकडे लागणार असेल तर फरक एका वर्षाचाच राहिला.

सासूबाईंचं काय? त्या सांभाळतील का?

रानजाई:

त्या तयार आहेत, गुडघे तयार नाहीत. शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे, माझी धाकटी नणंद शेजारच्याच गावात दिली आहे. काहीतरी बसवू.

सोमवारी सुट्टी टाकली आहे. आधी ते एएनएमचं कॉलेज, होस्टेलचं आणि परीक्षेचं विचारते. मग बुधवारी नगरला जीएनएमचं बघून येते. बारावीचं मार्कशीट सापडलं, शाळा सोडल्याचा दाखला सापडत नाहीये. दुसरी प्रत शाळेतून किती दिवसांत मिळते, कुणाला अनुभव आहे का?

चिंचेचं_झाड:

दुसऱ्या प्रतीला प्रतिज्ञापत्र मागतात बहुतेक ठिकाणी. सोमवारी जाताना वाटेत शाळेत अर्ज टाकूनच पुढं जा. आणि जुन्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली घातलेल्या कागदाखाली एकदा बघा. आमच्याकडं तिथंच सापडतो.