'नोमोडसेट टाका आणि विसरा' म्हणणाऱ्यांसाठी

खाडीकाठचा

परवाची ती पोस्ट वाचून गप्प बसवेना. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचं सार: "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अपडेट केलं की स्क्रीन फाटते, लुकलुकते. उपाय एकच. ग्रबमध्ये नोमोडसेट लिहा, अपडेट कायमचं बंद करा आणि विसरा." खाली धन्यवादांचा पाऊस.

ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडून देणारा मेनू. त्यात नोमोडसेट लिहिलं की कर्नलचा ग्राफिक्स ड्रायव्हर चढतच नाही. लुकलुक थांबते ती ग्राफिक्स चिपलाच घरी बसवल्यामुळे. सगळं चित्र मग प्रोसेसर काढत बसतो. खात्री करायची असेल तर मेसा-युटिल्स पॅकेज टाका आणि टर्मिनलवर 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं की समजा, चित्र प्रोसेसरच काढतोय. ब्राइटनेसची बटणं मेलेली, रिझोल्यूशन अडकलेलं, एचडीएमआयला टीव्ही लागत नाही, व्हिडिओ लावला की पंखा बोंबलतो. नोमोडसेट हे आत शिरून दुरुस्ती करण्यापुरतं आहे.

आधी कुठला थर बिघडलाय ते ठरवा. एकाच अपडेटमध्ये कर्नल, मेसा (चिपकडून चित्र काढून घेणारी लायब्ररी) आणि डेस्कटॉप असे तिन्ही बदलतात, शिव्या मात्र 'अपडेट'ला बसतात. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयवाल्यांनी (नव्या पद्धतीचं बायोस) एस्केप, पण एकदाच, नाहीतर ग्रबच्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा. दोष गेला तर कर्नल दोषी. नाही गेला तर व्हार, लॉग, एपीटी या वाटेवरची हिस्टरी लॉग उघडा आणि त्या तारखेला काय काय बदललं ते वाचा.

मेसा बदललं असेल तर आधी कॅशे उडवा: होममधल्या लपलेल्या कॅशे फोल्डरातलं 'मेसा शेडर कॅशे' आणि क्रोमच्या प्रोफाइलमधलं 'जीपीयूकॅशे'. २०२३ मध्ये उबुंटूवर मेसा अपडेट झाल्यावर अनेकांच्या क्रोमची खिडकी विस्कटली ती याच कारणाने. जुन्या मेसासाठी बनवून साठवलेले शेडर (चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) नव्या मेसाच्या माथी मारले जात होते. फोल्डर उडवला की काम झालं, कर्नलला हात लावायची गरजच नाही.

आणि ती एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणारा सर्व्हर) सेटिंगची '२०-इंटेल.कॉन्फ' फाइल! दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी लेखातून उचललेली, आत 'ड्रायव्हर इंटेल'. त्या एक्सच्या ड्रायव्हरचा शेवटचा क्रमांक २.९९.९१७, तोही डिसेंबर २०१४ चा. मार्च २०२२ मध्ये आलेल्या मेसा २२.० मधून आय९६५ हा इंटेलचा जुना ड्रायव्हर काढलेला होता. सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज, हॅसवेल या इंटेलच्या जुन्या पिढ्या सगळ्या क्रोकस या नव्या ड्रायव्हरवर गेल्या. ही फाइल अजूनही नाव घेऊन आय९६५ मागते, तो मिळत नाही, आणि मग एकतर सॉफ्टवेअर रेंडरिंग, नाहीतर काळी स्क्रीन. फाइलचं नाव बदलून ठेवा, लॉगआउट करून परत या. एक्सचा स्वतःचा मोडसेटिंग ड्रायव्हर आपोआप लागतो.

कर्नल_काका

पोस्ट माझी. एवढं मोठं प्रवचन झालं, त्यात राजापूरच्या दुकानदाराने बिल कसं फाडायचं ते कुठे आहे? बारा वर्षांचा लॅपटॉप, दिवसभर लिबरऑफिस आणि एक प्रिंटर. त्याला क्रोकस काय करायचंय? नोमोडसेटवर त्याचं काम चालतं. आणि अपडेट बंद का म्हणतो? पावसात लाइट किती वेळा जाते ते मोजा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, अपडेट अर्ध्यात, लाइट गेली की मशीन धाडकन बंद. मग कर्नल अर्धा, इनिट्रॅमएफएस (बूट होताना कर्नलसोबत लागणारी फाइल) अर्धं. तुमच्या तीन थरांचं काय लोणचं घालायचं?

खाडीकाठचा

काका, लाइटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यावर औषध आहे. अपडेट दोन तुकड्यांत करा. जिथे रेंज आहे तिथे 'एपीटी अपग्रेड'ला 'डाउनलोड-ओन्ली' जोडून फक्त पॅकेजेस उतरवून घ्या. बसवायचं काम इन्व्हर्टर चार्ज असताना, सकाळी. अर्ध्यात मेलंच तर जुन्या कर्नलने आत शिरा आणि चार आज्ञा याच क्रमाने: 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी -एफ इन्स्टॉल', मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल', शेवटी 'अपडेट-ग्रब'. प्रत्येक आज्ञेच्या आधी 'सुडो' लिहा. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर आधी 'डीएफ -एच' करून जागा बघा. ते भरलं असेल तर लाइट न जाताही इनिट्रॅमएफएस अर्धंच राहतं.

दापोलीची_मास्तरीण

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहिली. लुकलुक म्हटली की लोक डोळे झाकून 'आय९१५.एनेबल_पीएसआर=०' लिहायला सांगतात. आय९१५ म्हणजे कर्नलमधला इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर. पीएसआर म्हणजे पॅनेलने स्वतःच चित्र धरून ठेवायचं. ते ईडीपी (नव्या जोडणीच्या) पॅनेलवरच चालतं आणि ड्रायव्हर ते हॅसवेलपासून पुढेच वापरतो. आयव्ही ब्रिजचे बहुतेक लॅपटॉप एलव्हीडीएस (जुन्या जोडणीच्या) पॅनेलचे. तिथे ही ओळ लिहिणं म्हणजे बंद घड्याळाला चावी देणं. तसाच जुन्या लेखांतला, चिपची वीज वाचवण्याचा 'एनेबल_आरसी६'. तो पर्याय कर्नलमधून कधीच गेला, लोक अजून टाकतायत.

आधी डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलमधून साचलेला कचरा काढा. नंतर एका वेळी एकच पर्याय, आणि तोही आधी ग्रबमध्ये 'ई' दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहून, कंट्रोल-एक्स. एका बूटपुरता. पटला तरच फाइलमध्ये लिहून अपडेट-ग्रब. एकदम चार पर्याय टाकणाऱ्याला कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

आणखी एक. फक्त काहीच ॲप्सच्या खिडक्या काळ्या पडत असतील तर ड्रायव्हरला हात लावू नका. जीटीके (ॲप्सच्या खिडक्या बनवायची लायब्ररी) ४.१४ ने २०२४ मध्ये चित्र काढायची पद्धत बदलली, ४.१६ वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली पद्धत) व्हल्कनकडे (चिपकडून चित्र काढून घ्यायची नवी पद्धत) वळलं. आयव्ही ब्रिजचा व्हल्कन अपुरा आहे हे मेसा स्वतःच टर्मिनलवर ओरडून सांगतं. 'जीएसके_रेंडरर=कैरो' लावून ते ॲप उघडून बघा.

टर्मिनल_काळा

खाडीकाठच्याने ती '२०-इंटेल.कॉन्फ' फाइल काढायला सांगितली, पण ती लोकांनी ठेवली होती कशासाठी? टेअरफ्रीसाठी, म्हणजे चित्र चिरू नये म्हणून! एक्स सर्व्हर २१.१ च्या मोडसेटिंगमध्ये टेअरफ्री नाही. फाइल काढा, आय९६५ चा घोळ मिटेल, आणि व्हिडिओ मधोमध चिरलेला दिसायला लागेल. ही दुरुस्ती की अदलाबदल?

खाडीकाठचा

चिरणं कंपोझिटरने (सगळ्या खिडक्या जोडून एक चित्र करणारा प्रोग्राम) थांबवा. एक्सएफसीई डेस्कटॉपवर 'एक्सएफडब्ल्यूएम४ --व्हीब्लँक=जीएलएक्स --रिप्लेस' चालवून बघा. जमलं तर कायमचं करा. फाइल ठेवायचीच असेल तर त्या ड्रायव्हरच्या चित्र काढायच्या दोन पद्धतींपैकी यूएक्सए नको, एसएनए ठेवा, आणि अपडेटनंतर जीएलएक्सइन्फो बघायला विसरू नका. बरं, टेअरफ्रीचा मुद्दा तुमचा. घ्या.

सोल्डर_सोलकढी

सगळे कर्नलच्या मागे लागलेत. किनाऱ्यावर निम्म्या वेळा अपडेटचा काही संबंध नसतो. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, कुठलंही मशीन उघडा, स्क्रीनच्या केबलच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरा गंज. खारी हवा, वर जूनची ओल. लोकांना लुकलुक दिसते आणि त्याच आठवड्यात अपडेट झालेलं आठवतं.

साधी परीक्षा: झाकण हळूहळू मागेपुढे करा. लुकलुक बदलली तर केबल. बायोसच्या पडद्यावरही रेघा दिसल्या तर केबल, पॅनेल नाहीतर चिप. लिनक्स अजून जागाच झालेला नसतो. आणि स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर हार्डवेअर.

दापोलीची_मास्तरीण

पहिल्या दोन परीक्षा चोख. तिसरी अर्धवट. स्क्रीनशॉटमध्ये दोष दिसला तर तो रेंडरिंगचा, म्हणजे मेसा किंवा कंपोझिटरचा, हे खरं. पण स्वच्छ आला म्हणजे हार्डवेअर, हे चूक. चिरणं स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, पीएसआरची लुकलुकही येत नाही. दोन्ही सॉफ्टवेअरचेच. स्वच्छ स्क्रीनशॉटचा अर्थ एवढाच, की दोष चित्र तयार झाल्यानंतरचा आहे. मग जुन्या लिनक्सचा लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता चालणारा) लावा. त्यावरही तोच दोष असेल तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर काढा.

सोल्डर_सोलकढी

ठीक, मास्तरीणबाई, पाच गुण कापा. पण स्क्रू-ड्रायव्हर काढणाऱ्यांसाठी लिहितो, कारण इथे लोक मशीन चालू ठेवून केबल हलवतात. त्याच कनेक्टरमधून बॅकलाइटचा करंट जातो. बॅटरी लागलेली असताना केबल तिरकी घुसवली की मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडतो. मग चित्र फक्त टॉर्च मारल्यावर दिसतं आणि अपडेटला शिव्या देत माणूस दुकानात येतो.

म्हणून आधी अडॅप्टर काढा, बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. जुनी ४० पिनांची एलव्हीडीएस केबल वर ओढू नका, ती आडवी सरकते. वर पारदर्शक चिकटपट्टी असते, ती आधी. ईडीपीच्या ३० पिनांच्या केबलला बऱ्याचदा धातूची कडी असते, ती उचलून मग सरकवा. तारांना धरून ओढायचं नाही. मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, दोन्ही बाजू, अर्धा तास सुकू द्या. पिना काळ्या पडून खालचं तांबं दिसत असेल तर घासत बसू नका, केबल बदला.

कर्नल_काका

एवढं कशाला? खोडरबर घ्या, दोनदा घासा. नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारा. पिढ्यान् पिढ्या चाललंय.

सोल्डर_सोलकढी

काका, खोडरबर रॅमच्या सोनेरी पट्टीसाठी. या पिना केसासारख्या, रबराच्या एका फटक्यात वाकतील. गंजाच्या साध्या स्प्रेने तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि श्रावणात तोच कनेक्टर परत. सॅनिटायझर पण नको, त्यात ग्लिसरीन असतं. कुणी तांदळाच्या डब्याचं नाव काढायच्या आत सांगतो: तांदूळ नको. पिठाची धूळ पंख्यात जाते.

टर्मिनल_काळा

धागा ग्राफिक्सचा होता की सुक्या मासळीच्या साठवणुकीचा?

सोल्डर_सोलकढी

मासळी नीट सुकवतात म्हणून टिकते. लॅपटॉप मे महिन्यात कपाटात घालून थेट गणपतीला काढतात. पावसाळ्यात तो दिवसातून तासभर तरी चालू ठेवा, त्याच्या उष्णतेनेच ओल निघते. ठेवायचाच तर बंद डब्यात सिलिका जेल घालून, आणि जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून परत वापरा. एसीच्या खोलीतून उघड्या पडवीत आणलात तर लगेच चालू करू नका, आत घाम सुटलेला असतो.

एनव्हीडियाग्रस्त

कनेक्टरपुराण आवरा. दोन ग्राफिक्सवाल्या जुन्या मशीनचं कोणी बोलतच नाही. एनव्हीडियाच्या फर्मी पिढीला ३९० चा ड्रायव्हर, आणि त्याचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला. नवा कर्नल आला की डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन) मॉड्यूल बांधता बांधता पडतं, आणि लॉगिनऐवजी काळी स्क्रीन.

खाडीकाठचा

तिथे 'डीकेएमएस स्टेटस' बघा. नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' नसेल तर तेच कारण. फर्मीवर अडून बसू नका. एनव्हीडियाची सगळी पॅकेजेस 'पर्ज' करा, नूवो हा मुक्त ड्रायव्हर येऊ द्या, रोजचं काम इंटेलवर. ३९० हवाच असेल तर जो कर्नल चालतो तोच राहावा म्हणून नवा कर्नल ओढून आणणारं मेटा-पॅकेज 'एपीटी-मार्क होल्ड' करून धरून ठेवा. बाकी सगळं अपडेट होऊ द्या.

कर्नल_काका

म्हणजे अपडेट अडवायचंच की! फक्त ऐटीत.

दापोलीची_मास्तरीण

एक कर्नल अडवणं वेगळं आणि ब्राउझरचे सुरक्षा-अपडेट बंद करणं वेगळं, काका. तुमचा दुकानदार त्याच मशीनवर बँक उघडत असेल.

कर्नल_काका

बरं. तुमच्या समाधानासाठी नोमोडसेट काढून जुना कर्नल लावून बघितला. चित्र स्वच्छ आहे, ब्राइटनेसची बटणं चालतात. हा लॅपटॉप हॅसवेलचा निघाला. नव्या कर्नलवर पीएसआरची ओळ टाकली तर लुकलुक गेली. झालं समाधान? वाटा पेढे. अपडेट मात्र ऑटोमॅटिक करणार नाही. लाइट नसताना कोण येणार आहे तुमच्यापैकी?

दापोलीची_मास्तरीण

पेढे नंतर. 'जर्नलसीटीएल -बी -के' मध्ये आय९१५ च्या ओळी बघा. 'फ्लिप डन टाइम्ड आउट' किंवा 'जीपीयू हँग' अजून दिसत असेल तर दुखणं पीएसआरपुरतं नाही.

देवगडी

सगळा वाचलंय, बरा आसा. पण ह्या ९९ टक्क्याचा आयसोप्रोपिल खंय गावता? मेडिकलात विचारलंय तर ७० टक्क्याचा देतत.

सोल्डर_सोलकढी

मेडिकलात नको. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात, त्यांच्याकडे छोटी बाटली माग. ७० वाल्यात पाणी जास्त, सुकायला वेळ लागतो. तोच वापरायची वेळ आली तर रात्रभर सुकव, आणि तोवर बॅटरी लावू नकोस.